आमच्या बोटीवरचा खासदार

खासदाराला बोट लागायची. बंदर सुटलं की किनारा दिसेनासा व्हायच्या आत तो कडेला ओणवा होऊन ओकायला लागे. हे मी सांगू शकतो, कारण तो माझ्या बोटीवर खलाशी होता आणि सुकाणू धरणारा तांडेल मी होतो. भातकापणी झाली की डोंगराकडची पोरं आमच्याकडे कामाला येतात, तसा आला होता. आज त्याच्या गाडीला लोक वाट देतात. माझ्या बोटीवर त्याला बालदी धड धरता येत नव्हती.

तिसऱ्या फेरीनंतर मी त्याला किनाऱ्यावरच ठेवला. म्हटलं, बायकांबरोबर बांबूंवर बोंबील टांग. तिथे माझी बायको हिरा सगळ्यांच्या पुढे. पोरगा दहावी झालेला, अक्षर चांगलं, हे तिनेच हेरलं. मग रेशन कार्ड, घरपट्टी, कुणाचा दाखला, सगळ्यांचे अर्ज तो वाळूत बसून लिहायचा. कुणी रडगाणं लावलं की म्हणायचा, "तोंडानं सांगलेलं वाऱ्यावर जातं, मावशे. लिवलेलं कचेरीत जातं." मी त्याला बोटीवरून उतरवला नसता तर तो आजही खलाशीच राहिला असता. एवढी माझी चूक.

सरपंच झाला, जिल्हा परिषदेत गेला, मग दिल्लीला. पण कुणाच्या घरी गेला की चुलीपाशीच बसायचा, आणि आणलेल्या खुर्चीवर घरातल्या म्हातारीला बसवायचा. बोईसरला कारखान्यातल्या लोकांपुढे हिंदीत उभा राहिला की लोक हसायचे. तोही हसायचा. "हम डोंगर का आदमी है. बोट में उलटी किया, इधर नहीं करेगा." टाळ्या पडायच्या. उलटीसुद्धा त्याच्या कामी आली. मी चाळीस वर्षं बोट सांभाळली, मला कुणी टाळी दिली नाही.

घरात हिराच्या तोंडी सारखा हाच, भाऊ म्हणून. भाऊ असं म्हणाले, भाऊंना विचारते. एकदा मी ताट लोटलं आणि म्हटलं, भाऊकडेच जा जेवायला. तिने सांडलेला भात गोळा केला, जमीन पुसली. त्या दिवसापासून तिने घरात त्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

गेल्या शिमग्यानंतर हिरा गेली. चार दिवसांचा ताप.

दहाव्याला तो आला. पुरुषांत न बसता बायकांत जाऊन जमिनीवर बसला आणि हिराचं सांगायला लागला. सफाळ्याच्या बाजारात कोळणींना छप्पर नव्हतं, बायकांना संडास नव्हता. अर्ज घेऊन हिरा आणि तो कचेरीत जायचे, साहेब उद्या या म्हणायचा. सहा वेळा म्हणाला. सातव्या वेळी हिराने वास सुटलेल्या मासळीची पाटी थेट त्याच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "सायब, तुमाला घटकाभर सोसवत नाय. आमी दिवसभर उन्हात हिच्यापाशी बसतो."

बायका हसता हसता रडल्या. त्या छपराखालून मी कितीदा गेलो असेन. ते माझ्या बायकोने आणलं, हे मला परक्याच्या तोंडून कळावं?

निघताना त्याला दारात अडवलं. म्हटलं, इतकी वर्षं मला का नाय सांगलंस?

तो खाली बघत म्हणाला, "वयनी बोलल्या, घरी नको सांगू भाऊ. ते जेवत नाय मंग."

महिनाभर मी जळलो. एक्केचाळीस वर्षं ती माझी बायको; त्यातली निम्मी माझी पाण्यावर गेली, उरलेली ताटावर. तिचं बोलणं सगळं त्याच्याकडे. शेवटी एका रविवारी सफाळ्याहून एसटीने त्याच्या गावाला गेलो. अंगणात माणसं बसलेली, त्यांच्यात मीही बसलो. माझी पाळी आली तेव्हा त्याने विचारलं, "काय काम काढलंत, तांडेल?"

म्हटलं, काम नाय. तिचं आनखी काय असंल तर सांग.

तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. सांगत गेला. मध्येच ती जशी बोलायची तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्याला एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण उठलो नाही.

आता तो गावी असला की रविवारी मी जातो. जळायला जातो म्हणा. मागच्या खेपेला हात जोडून म्हणाला, "तांडेल, आता माझ्याकडचं सगळं संपलं."

मी म्हटलं, "तर मंग पयल्यापासून सांग."