उठायची सवय

जुन्या कॉलेजात तिला सगळे बारकी म्हणायचे. मैत्रिणी म्हणायच्या, शिपाई म्हणायचा, आणि वनस्पतिशास्त्राचे सर तर हजेरी घेताना मान वर न करता विचारायचे, "बारकी उगवली का?" सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि विषयच बंद पडला. पहिलं वर्ष पदरात पाडून बारकी मोठ्या विद्यापीठात आली. इथे तिला कोणी बारकी म्हणत नाही. खरं तर कोणी काहीच म्हणत नाही.

विद्यापीठाने घेतलं ते अटीवर. प्रात्यक्षिकाची परीक्षा नीट झाली तर दुसरं वर्ष, नाहीतर पुन्हा पहिलं. घरी धाकटी बहीण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती. ती फोनवर म्हणाली, "आपटलीस तर दोघी एकाच वर्षाला. लोक जुळ्या म्हणतील बघ."

"गप गं," बारकी म्हणाली. त्या दिवसभरात ती मोठ्याने बोललेले शब्द म्हटले तर एवढेच.

प्रयोगशाळा सभागृहाएवढी होती. लांबच लांब ओटे, उंच स्टुलं आणि प्रत्येक स्टुलासमोर एकेक सूक्ष्मदर्शक. जुन्या कॉलेजात चौघींत मिळून एकच होता, त्याचाही स्क्रू कागदाची घडी खुपसून बसवलेला. म्हणून सरांनी शिस्त लावली होती: डोळा लावायचा, बघायचं, उठायचं आणि मागच्या बाकावर बसून आठवणीने चित्र काढायचं. जरा रेंगाळलं की मागची पाठीत कोपर मारायची. "बाई, घर बांधतेस का तिथे?"

परीक्षेत बारकीने तेच केलं. खोडाचा आडवा काप होता. तिने डोळा लावला, बघितलं, उठली आणि शेवटच्या रिकाम्या ओट्यावर जाऊन चित्र काढलं. रेषा स्वच्छ, नावं अचूक. स्टुलावरून दुसरं कोणीच उठलं नव्हतं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या बाई तिच्या शेजारी येऊन थांबल्या. "भिंग तिकडे, तू इकडे. पाठ करून आलीस?"

"नाही बाई. आमच्याकडे असंच..."

"तुमच्याकडे म्हणजे?"

ते सांगायचं तर बरंच काही सांगावं लागलं असतं. बाईंनी तिला परत स्टुलाजवळ नेलं आणि भिंगातून बघायला लावलं. पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे झुबके कापात वर्तुळाने मांडलेले होते, पण एका बाजूचा झुबका चेपून फाटला होता. बारकीच्या चित्रात वर्तुळ अगदी पुरं होतं. समोरचं सोडून तिने जुन्या कॉलेजातला, सरांच्या डबीतला, डोक्यात बसलेला नेहमीचा कापच कागदावर काढला होता.

"मुद्दाम पाठ करून आली नाहीस, हे मान्य," बाई म्हणाल्या. "पण हे बघणंही नाही. बुधवारी ये. दुसरा काप देईन. आणि बसून काढ."

मंगळवारी वसतिगृहाच्या खोलीत ती खुर्चीवर नुसती बसण्याचा सराव करत होती. खोलीतली दुसरी मुलगी कानात इअरफोन घालून वाचत होती. तिने एकदा बघितलं आणि पान उलटलं.

बुधवारी प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी होती. बारकी स्टुलावर बसली, डोळा लावला. थोड्याच वेळात पाय आपोआप खाली आले. तिने ते पुन्हा दांडीवर ठेवले. पाठ ताठ होत होती, कोपर येईल म्हणून. कोपर आलं नाही. हळूहळू कापात एरवी न दिसलेलं दिसू लागलं: एका पेशीत अडकलेला हवेचा बुडबुडा, सालीजवळचा तिरका ओरखडा. बघितलं तेवढं तिने काढलं. चित्र काही देखणं झालं नाही.

बाईंनी भिंगात बघितलं, मग वहीत, मग पुन्हा भिंगात. "सोमवारपासून दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बस," त्या म्हणाल्या आणि दिवे बंद करायला गेल्या.

बारकी उठली. सवयीने स्टूल जरा मागे सरकवून, मागचीला जागा करून ती बाजूला उभी राहिली. मग स्टूल पुन्हा आत ढकललं.

रस्त्यात तिने फोन लावला.

"म्हणजे जुळं रद्द?" धाकटी म्हणाली. "बरं, वर्गात शेजारी कोण असतं तुझ्या?"

"इथे प्रत्येकाला वेगळा आहे."

"काय वेगळा?"

"सूक्ष्मदर्शक."

"मी माणसाचं विचारतेय, ताई."

बारकी चालत राहिली. "सोमवारी बघते," ती म्हणाली.