उलार गाडी

आळेफाट्यावरच्या भिमाजी मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता, आणि त्या नियमावर फाट्यावरच्या रिकामटेकड्यांची निम्मी करमणूक चालायची. गाडीचं एकच चाक जॅकवर उचललेलं असताना इंजिन गिअरात टाकायचं नाही. दोन्ही उचला, नाहीतर दोन्ही खाली ठेवा. कुणी विसरून टाकलंच आणि उचललेलं चाक हवेत एकटंच घुईंऽऽ करत फिरायला लागलं, की भिमाजी हातातला पाना जिथल्या तिथे सोडून रस्ता ओलांडायचा आणि चहाच्या टपरीमागे भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. गिअरबॉक्स छातीवर उतरवून घेणारा गडी, आणि चाकाला भ्यायचा! चहावाला सांगायचा, मिस्त्रीला त्याच्या उस्तादाची शपथ आहे. टायरवाला म्हणायचा, उस्तादाची कसली, बायकोची असणार. एकदा कुणीतरी गंमत म्हणून मुद्दाम चाक फिरवलं. भिमाजी तासाभराने टपरीमागून आला तेव्हा त्याचे डोळे असे काही झाले होते की पुन्हा ती गंमत कुणी केली नाही. बोलणं मात्र थांबलं नाही. ते कसं थांबेल?

कारण सगळ्यांना अर्धं ठाऊक होतं.

भिमाजी मूळचा डिंभ्याच्या धरणावरच्या डोंगरातला, भोकरवस्तीचा. थोरला भाऊ गोकुळ भात-नाचणी बघायचा आणि त्यानेच धाकट्याला मिस्त्रीकाम शिकायला खाली धाडलं होतं. त्र्याण्णवच्या गौरी-गणपतीत भिमाजी घरी होता, आणि बांधावरचं गवत कापताना गोकुळला पान लागलं. फुरसं डसलं होतं. वस्तीतली एकुलती एक जीप बाजाराला गेलेली. शेजाऱ्यांकडे मुंबईचे पाहुणे आले होते, त्यांची लाल मारुती दारात उभी होती. पाहुण्याला चिखलात गाडी घालायचा धीर होईना. त्याने किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली. गोकुळला मागच्या सीटवर निजवला, डोकं बायकोच्या, लंकाबाईच्या मांडीवर. वस्तीतून खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यात कातळाची एक पायरी आडवी आहे, तिथे गाडी अडकली. पुढचं उजवं चाक हवेत फिरत राहिलं, चिखलातलं डावं जागचं हललं नाही. पाऊण तास. शेवटी माणसांनी गोकुळला झोळीत घालून पळवला, पण खिंडीच्या अलीकडेच पळायचं काही कारण उरलं नाही.

तेव्हापासून तो आवाज भिमाजीच्या मागे लागला. पिठाच्या गिरणीत तोच, शेजारणीच्या मिक्सरमध्ये तोच, सलूनमधल्या पंख्यातही तोच. वस्तीवरचे गुराखी तर सांगत, भर दुपारी चढावर चाक फिरतं आणि गाडी दिसत नाही. भिमाजी वस्तीवर जायचा तो चढ टाळून, ओढ्याकाठच्या पायवाटेने. वहिनीच्या उंबऱ्यात बसून चहा घ्यायचा आणि कप खाली ठेवता ठेवता उठायचा. विषय निघालाच तर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: त्या गाडीत चांगला डिफरन्शियल असता तर दादा वाचला असता. वाक्य खरं असेल तर दोष लोखंडाचा. खोटं असेल तर कुणाचा, हे भिमाजी स्वतःलाही सांगत नसे. दहा वर्षं तो त्या वाक्याला धरून लटकला होता.

दोन हजार तीनच्या भाद्रपदात बेल्ह्याचा सूरज आपली जुनी मारुती एस्टीम घेऊन गॅरेजात आला. बाप बैलांचा व्यापारी, बाजाराच्या दिवशी बैलाचा दात बघून वय सांगणारा. पोरगा मोटारी मुरमाच्या रस्त्यावर पळवायच्या नादाला लागलेला. बाप म्हणायचा, पळवायचंच तर बैल पळव, निदान शेण तरी मिळेल. सूरजने पोत्यात गुंडाळून दोन डिफरन्शियल आणले होते. पुण्याच्या एका रॅलीवाल्याने गाडी मोडली, त्याने दोन्ही बघायला दिले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा.

डिफरन्शियलचा स्वभाव फाट्यावर सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण भिमाजीने तो ज्याला त्याला ऐकवला होता. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं हे यंत्र. पण साधा डिफरन्शियल भलता लाडावणारा. एक चाक सुटून मोकळं फिरायला लागलं की सगळी ओढ वाहून तिकडेच जाते आणि कामाचं चाक उपाशी बसतं. सूरजने आणलेले दोन्ही या खोडीला आळा घालणारे. एक पाट्यांचा: आत पाट्या एकमेकींवर घासतात आणि दोन्ही चाकांना बांधून ठेवतात. चाक हवेत असलं तरी तो दुसऱ्याला ओढायला लावतो, पण पाट्या झिजतात, तेल वेगळं लागतं, आणि इंजिन पुढच्याच चाकांना ओढत असलं की स्टेअरिंग हातातून हिसकावतो. दुसरा नुसत्या तिरक्या दात्यांचा: मऊ, शहाणा, वर्षानुवर्षं चालणारा. त्यात एकच उणं. एक चाक पुरतं हवेत गेलं की तो साध्यासारखाच हात टेकतो.

सूरजला दात्यांचा हवा होता. भिमाजीने न विचारताच पाट्यांचा उचलून बाकावर ठेवला. दोन दिवस दोघांची तीच घासाघीस. भिमाजीचं एकच पालुपद, चाक हवेत गेलं तर काय करशील.

“मी गाडी हवेत नेतच न्हाई, भाऊ,” सूरज शेवटी म्हणाला.

“जाईल. उजवं. कातळाची पायरी हाय, डावं चिखलात, उजवं लोंबतंय. तुझा दात्यांचा तिथं मरतो.”

“कुठल्या रॅलीत?”

भिमाजी कापडाने हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“मिस्त्री, हे तुमी माझ्या गाडीसाठी निवडताय का दुसऱ्या कुनाच्या?”

बैलाच्या व्यापाऱ्याचाच मुलगा तो, दात बरोबर मोजला. मग त्यानेच तोडगा काढला. गाडी आहे तशी, साध्या डिफरन्शियलवर तुमच्या वस्तीच्या त्या चढाला घालू. अडकते ते बघू. मग पाट्यांचा बसवून परत घालू. चढली तर तुमचं खरं. भिमाजी नाही म्हणू शकला नाही. दहा वर्षं त्याला नेमकं हेच बघायचं होतं, आणि याचीच धास्ती होती.

दुपारी बारीक पाऊस होता. दोघे खिंडीतून उतरून वस्तीवर गेले, गाडी वळवली, आणि भिमाजी कधी नव्हे तो चढाच्या वाटेने पायी निघाला. लंकाबाई कुणी न बोलावता मागून आली. हातात खुरपं, डोक्यावर इरलं. काय चाललंय ते तिने विचारलं नाही.

सूरजने गाडी पायरीला लावली. उजवं चाक कातळाच्या कडेला अधांतरी लोंबलं आणि घुईंऽऽ करत फिरायला लागलं. भिमाजीने पाठ फिरवली. इथे टपरी नव्हती. समोर नुसतं धुकं होतं, आणि आवाज धुक्यातूनही येत होता. पुढून की मागून, आजचा की तेव्हाचा, त्याला कळेना.

“अडकली,” तो धुक्याला म्हणाला. आवाजात जरा आनंदच होता.

“उलार झालीया,” मागून लंकाबाई म्हणाली.

भिमाजी वळला. हेच शब्द. त्या दिवशी मागच्या सीटवरून तिने हेच म्हटलं होतं: भावजी, गाडी उलार झालीया. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांचा जोर वाया जातो, हे गाडीवर बसलेल्या बाईमाणसालाही कळतं. पण भिमाजी तेव्हा मिस्त्री होता, आणि जीप-मॅटेडोरवर शिकलेला मिस्त्री. त्या गाड्यांना मागची चाकं ढकलतात. रुतल्या की माणसं मागे बसवायची. त्याने तेच केलं होतं. चौघांना डिकीवर चढवून वर ओरडला होता, “मागं बसा, दाबून बसा!” मारुतीला पुढची चाकं ओढतात, तिचं तोंड आणखी वर गेलं, उजवं चाक आणखी मोकळं झालं. आणि वहिनीला त्याने उत्तर दिलं होतं की ही बैलगाडी न्हाई.

लंकाबाईने इरलं उतरवलं, खुरपं त्यावर ठेवलं आणि बैलगाडीच्या धुरीवर बसावं तशी बॉनेटच्या उजव्या अंगाला चढून बसली. भिमाजीकडे बघितलं. त्याचे पाय आपसूक चालले. तो तिच्या शेजारी टेकला. गाडीचं नाक दबलं. चाकाने कातळाला तोंड लावलं, आवाज घोगरा झाला, तुटला, आणि एस्टीम, साध्या डिफरन्शियलवर, हिसका देऊन पायरीवर आली. सगळं मिळून एक चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

सूरज हसत उतरला आणि दोघांची तोंडं बघून बाजूला सरकला.

“वहिनी,” भिमाजी म्हणाला, “त्या दिवशी मान्सं मागं मीच बसवली.”

“म्हाईत हाय. गाडीत मीच व्हते की.”

“वस्तीवर?”

“समद्यांना म्हाईत हाय. मीच सांगितलं व्हतं, भावजींना कुनी बोलू नका, ते सवताच बोलतील. मला वाटलं वरीसभरात बोलाल. धा लावलीत, भावजी.”

तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला. लंकाबाई इरलं झटकत होती.

“आन् मला सांगून काय उपेग? तुमच्या दादांना सांगा. अजून मागंच बसल्यात.”

एवढं बोलून ती चढ उतरून गेली. एकदाही मागे वळली नाही.

सूरज पुढे सगळीकडे सांगत हिंडला की आपण कशालाच भीत नाही, पण पुढचं त्यानेच सांगितलेलं आहे आणि सांगताना त्याचा आवाज बारीक होतो. भिमाजीने गाडीचं मागचं दार उघडलं. बराच वेळ धरून ठेवलं.

“दादा, चुकलं माझं,” तो म्हणाला. “पुढं ये.”

मग ते दार लावून पुढचं डावं दार उघडलं. अंगात ताकद नसलेल्या माणसाला उतरून बसायला जेवढा वेळ लागेल, तेवढा थांबला. दार हळू लोटलं आणि वळसा घालून स्टेअरिंगवर येऊन बसला. गाडी सूरजची, पण सूरज न सांगता मागे जाऊन बसला, कोपऱ्याला धरून.

गाडी घोडेगावला आली. मग मागून हळूच प्रश्न आला, “मिस्त्री, दात्यांचाच बसवायचा ना?”

“दात्यांचाच.”

पाऊस वाढला होता. भिमाजीने गाडी बाजूला घेतली, रिकाम्या सीटवरून वाकला आणि त्या बाजूची काच वर केली. तिकडून झड आत येत होती.