तळ्यावरच्या बंगल्याची इजाजत

त्या पेशकाराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्या बायकोच्या मनातून माझाही गेलेला नाही, पण तिचं कारण खरं आहे.

निजामाचा अंमल होता तेव्हा. मी परभणीच्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, वडील, चार धाकटे भाऊ, आणि चुलीपुढं एकटी माझी बायको. भादव्यात ती तापानं पडली. उठल्यावर मी मोठ्या मनानं म्हणालो, "माहेरी जाऊन ये."

"तिथंबी चूलच हाय," ती उसळली. "चार दिवस अशा जागी न्या, जिथं मला कुणी 'वाढ' म्हणणार न्हाई. जमत नसंल तर आत्ताच सांगा."

मी सांगितलं, जमतं! पूर्णा स्टेशनावरून बैलगाडीनं दोन तासांवर एक तळं होतं. त्याच्या बांधावर सरकारी बंगला, दोन खोल्यांचा, दौऱ्यावरच्या साहेबांसाठी बांधलेला. रिकामा असला की लेखी इजाजत काढून इतरांनाही मिळे. रांधायला चौकीदार. पावसाळा सरून तळं काठोकाठ भरलेलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. मी सामानाची यादी केली. तीत पोळपाट लिहिला. तिनं तो इतक्या जोरात खोडला की कागद फाटला.

इजाजतीचा अर्ज उर्दूत द्यायचा होता. अर्ज तपासणाऱ्या कारकुनानं, म्हणजे त्याच पेशकारानं, पहिला अर्ज परत केला, समास कमी म्हणून. दुसरा परत केला, शाई फिकी म्हणून. तिसऱ्या खेपेला मी कचेरीतच भडकलो. त्यानं अर्ज सावकाश वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मास्टर साब, तारीख यहीच है ना?"

"यहीच है! उर्दू पढाता हूँ मैं!"

"बहोत खूब," म्हणाला, आणि शिक्का मारला. मेला मिशीत हसला होता. ते मला नंतर कळलं.

बांधावर गाडी थांबली. चौकीदारानं कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मास्टर साब, आपकू तो पिछले साल आना था."

ऑक्टोबरात आजूर महिना लागला की निजाम सरकारचं फसली साल बदलतं, हे मी पोरांकडून दरवर्षी घोकून घेत असे. चुकणाऱ्यांना छडी देत असे. आणि स्वतः आजूर महिना लिहून पुढं जुनं साल ठोकून दिलं होतं. इजाजत पक्की, सहीशिक्क्याची, फक्त वर्षापूर्वीची. मी ओरडलो. कचेरीला, पेशकाराला, सरकारला, सगळ्यांना शिव्या घातल्या. चौकीदार म्हणाला, कुलूप काढलं तर माझी नोकरी जाईल. खरंच होतं ते.

बायको गाडीतून उतरली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ह्यांना एक पातेलं द्या, बाबा." मग तळ्याच्या पायरीवर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली, माझ्याकडं पाठ करून.

तीन दगड मी मांडले. ओल्या काटक्या मी फुंकल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात पेशकाराचा उद्धार. खिचडी वर कच्ची, खाली काळी. तिनं एक घास घेतला, आणि मग सगळी खाल्ली.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परतलो. डब्यात मी हळूच म्हणालो, "पुढच्या सुट्टीत नवी इजाजत काढतो."

"पुढचं पुढं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "चार दिवस जमतं म्हणला होतात. आजचा एक झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पाटावर जाऊन बसली. आईनं हाका मारल्या, तिनं मान वळवली नाही. "ह्यांना सांगा," एवढंच म्हणाली. तीन दिवस त्या चुलीपुढं मी बसलो. भाऊ हसायचे, वडील ताट सरकवून उठायचे, आई दाराआडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मला बोलायची. आणि फुंकणी तोंडाला लावून मी रोज पेशकाराला शिव्या द्यायचो, कारण अंगणात बसलेल्या बाईकडं बघायची माझी छाती नव्हती.