दिंडोशीच्या डोंगरातलं गाऱ्हाणं

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. गिरणी बंद पडल्यावर वडील खचले आणि वर्षभरात गेले. मग आईला काही आठवेनासं होत चाललं. त्या साली, म्हणजे शहाऐंशी की सत्त्याऐंशी, दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत आम्ही दोघीच राहायचो. मी अंधेरीला नोकरीला जायचे आणि दिवसा शेजारीण आईवर लक्ष ठेवायची. माझं नाव तिला सहा महिन्यांपासून येत नव्हतं. दिवसातून चारदा मी तिला "मी कोण?" असं विचारायचे, आणि ती ओशाळून हसली की चिडून स्वतःच सांगायचे. तिचा एकच धोशा होता, गावच्या राखणदार देवाला नारळ द्यायचाय, मला मालवणला ने. दिवाळीत जाऊ, असं म्हणून मी तीन दिवाळ्या टाळल्या होत्या.

आश्विनातल्या एका रविवारी सकाळी मी नळावर पाणी भरायला गेले. परत येते तो दार सताड उघडं, आई नाही आणि फळीवरचा नारळही नाही. स्टेशन, बाजार, मारुतीचं देऊळ, सगळीकडे धावले. वसाहतीमागं डोंगर होता, रान होतं, आणि रानात बिबट्या फिरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोलिसांनी वर्णन लिहून घेतलं. आई शेवटचं काय बोलली, असं हवालदारानं विचारलं तेव्हा मला काही सांगता येईना, कारण मी ऐकलंच नव्हतं.

वसाहतीच्या फाटकाशी सोनूबाय बसली होती. डोंगरातल्या वारली पाड्यावरून ती रानभाजी घेऊन यायची, आणि आम्ही दोघी कधीमधी तिच्याकडून भाजी घ्यायचो. त्या दिवशी तिच्याजवळ टोपली नव्हती. मी तिच्यासमोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा तिची हाक कानाआड केली. भाजीवालीशी बोलायला मला कुठे वेळ होता? तिसऱ्यांदा तिनं उठून माझा हातच धरला.

"तुजी आय आमच्या देवाजवल बसली हाय. तुजं घर कुठलं, मला म्हाईत नाय. म्हनून हितंच बसले."

मी तिच्यावरच डाफरले. सोबत का नाही आणलंस, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "देवाम्होरं बसल्याला मानूस आमी उठवत नाय, बाय. त्याचं सांगून झालं का तो आपसूक उठतो."

तिच्यामागून मी डोंगर चढले. कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली दहा-बारा घरं होती, खाली भाताची खाचरं पिवळी झाली होती. पाडा दिसण्याआधीच मला आवाज ऐकू आला. पाच-सहा माणसं एका सुरात म्हणत होती, "व्हय म्हाराजा!"

मालवणातलं गाऱ्हाणं, आणि ते दिंडोशीच्या रानात! शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापुढं नारळ ठेवून आई बसली होती. तिनं त्यालाच आपला राखणदार मानलं होतं. एकानं मागणं सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा, ही गावची रीत तिनं पाड्याला रागावून शिकवली होती म्हणे. एका जागी ती अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. सकाळपासून असंच चाललं होतं. दोन बायका भात कापायला गेल्या की दुसऱ्या दोघी येऊन बसत. तिच्या पायाशी कुणीतरी पेज ठेवली होती, ती अर्धी संपली होती. त्या माणसांची मला इतकी माया वाटली की रडूच आलं.

मी मागं जाऊन बसले. आईनं माझ्याकडं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलंय."

"व्हय म्हाराजा," मीही म्हणाले.

"काय चुकला-माकला आसात तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"आणि माझी चेडू..." चेडू म्हणजे पोर, म्हणजे मी. ती थांबली. तिचे ओठ हलत होते. ती अडायची ती जागा हीच होती. नाव माझ्या जिभेवर आलं, रोजच्यासारखं ओरडून सांगावंसं वाटलं. पण आजूबाजूचे सगळे निवांत बसले होते, कुणालाच घाई नव्हती. मीही हात जोडले आणि गप्प राहिले. वाघोबाला मनात म्हटलं, आता तूच बघ.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आईनं नाव घेतलं. ऑफिसातलं नव्हे, शाळेतलंही नव्हे. लहानपणी वडील आणि ती मला ज्या नावानं हाक मारायचे, ते. "तिका सांभाळ रे म्हाराजा. एकटीच आसा ती."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. आई आपसूक उठली आणि माझा हात धरून डोंगर उतरली.

पुढं ती दोन वर्षं होती. माझं नाव तिला परत कधी आलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही. मी तिला सांभाळतेय अशा तोऱ्यात होते, आणि ती मात्र डोंगर चढून माझ्यासाठी देवाशी बोलायला गेली होती. दर आश्विनात मी पाड्यावर नारळ घेऊन जाते. सोनूबाय आता थकली आहे, पण शेजारी येऊन बसते. मागायला माझ्याकडं काही नसतं. कुणीतरी गाऱ्हाणं घालतं आणि मी नुसतं "व्हय म्हाराजा" म्हणते.