दोन थेंब द्या ना

"ताई, दोन थेंब द्या ना!" कुणाचे डोळे पाणावलेले दिसले की हा माणूस काचेची बारीक नळी घेऊन हजर. का रडताय, हे नंतर विचारायचा. असा माणूस तुम्ही पाहिलाय कधी?

दोन हजारनंतरची ती वर्षं. कतारला, दोह्यातल्या आमच्या लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच; मी वसईची, तो नाशिकचा. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक कण त्याने बाटलीतल्या पाण्यात तयार केले होते. खोलीतले दिवे घालवून जांभळा दिवा लावला की बाटली नारिंगी उजळायची. त्या पाण्यात साखर आली की उजेड हळूहळू मंदावायचा. बघता बघता बाहेरचं ऊन, ऑफिस, सगळं विसरायला व्हायचं.

त्याच्या लहानग्या लेकीला मधुमेह होता. रोज बोटाला सुई. "बाबा, टुडे नो सुई?" ती विचारायची. "इन्शाल्ला, उद्या," हा म्हणायचा. अश्रूंतली साखर या उजेडाने कळली तर तिची सुई सुटेल, एवढाच त्याचा ध्यास. तिच्या अश्रूंनी बाटली मंदावायची, पण कधी खूप, कधी जेमतेम. सुईच्या आकड्याशी ताळमेळ बसत नव्हता. म्हणून तुलनेला त्याला आमचेही अश्रू हवे होते.

पण रोज उठून रडणार कोण? मग पँट्रीत कांदे चिरायची टूम निघाली. सगळे भरपूर रडलो, आणि काय सांगू, सगळ्यांच्याच बाटल्या मंदावल्या! अख्खी लॅब मधुमेही! आमच्या सेक्रेटरीने घाबरून चहातली साखर सोडली. मग याच्या डोक्यात प्रकाश पडला. कांद्याच्या हातांनीच आम्ही डोळे पुसले होते, आणि कांद्यातही साखर असते.

"अहो, नाशिककर ना तुम्ही?" मी म्हटलं.

"खलास! आता खरंच रडा," तो म्हणाला.

एके दिवशी वरून निरोप आला, प्रकल्प बंद. शेवटच्या संध्याकाळी त्याने दिवे घालवले. बाटली उजळली, आणि त्याचा बांध फुटला. "ती उद्याही विचारेल हो, ताई."

मी नळी पुढे केली. "दोन थेंब द्या ना."

रडता रडता तो हसला. थेंब बाटलीत पडले. आम्ही बराच वेळ बघत बसलो. उजेड तसाच होता.

"बघा, तुम्हाला काही नाही," मी म्हटलं.

"तिच्याऐवजी मला व्हायला हवा होता हो."

मग तो नाशिकला गेला. कुणाचे डोळे भरून आले की अजून माझा हात नळी शोधतो.