सुखरामची हिरवी टाकी

सुखराम रामटेके आमच्या डेअरीत लागला तो शेण वाहायला. जबलपूरबाहेर आमचा साडेतीनशे म्हशींचा गोठा आहे. शेणाच्या गॅसवर बॉयलर चालायचा. कच्च्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास असतो आणि त्याने बर्नर गंजतात. म्हणून एका इंजिनिअरने तो हिरव्या पाण्याच्या टाकीतून सोडायची सोय केली. पाण्यातलं बारीक शेवाळ गॅसमधला कार्बन डायऑक्साइड खाई आणि प्राणवायू सोडी. त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू वासाचा गंधकवायू संपवीत. गोठ्याचं सांडपाणीही तिथे निवळूनच नाल्यात जाई.

इंजिनिअर दोन वर्षांत निघून गेला. टाकी सुखरामकडे राहिली. सकाळी पेल्यात पाणी घेऊन तो उन्हात धरी. रंग पोपटी असला तर ठीक. काळपट दिसला की सांडपाणी कमी सोडी. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सुपरवायझर भैयालाल चिडवायचा, "डॉक्टर साब, आज काई को बुखार कितना है?" काई म्हणजे शेवाळ. सुखराम खरंच विचार करून उत्तर द्यायचा.

दसऱ्याला तो दरवर्षी बायकोला, मालनबाईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाई. मी डेअरीचा मॅनेजर; त्या वर्षी रजेचा अर्ज देताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.

"साहेब, मी येतपर्यंत हिरव्याले कोणाचा हात लागू देऊ नका जी."

मी बरं म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी कळलं की दूध घेणाऱ्या कंपनीचे लोक पाहणीला येताहेत. पाहणी म्हटली की आमच्याकडे चुन्याच्या रेघा आणि ब्लीचिंग पावडर. परिपत्रक मीच काढलं: सर्व नाल्या, हौद व टाक्या स्वच्छ कराव्यात. भैयालालने तंतोतंत अंमल केला. पाहुण्यांना टाकीचा तळ दिसला, ते खूश झाले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मला काही आठवलं नाही.

सुखराम स्टेशनवरून घरी न जाता थेट कामावर आला. बराच वेळ टाकीच्या काठावर बसला, मग ऑफिसात आला.

"काहून मारलं हो साहेब त्यायले?"

मी परिपत्रकाचं कारण सांगू लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आठ वर्सांचे होते ते," एवढंच म्हणाला.

महिनाभर त्याने डबक्यांतलं, भेडाघाटच्या खडकांवरचं शेवाळ आणून टाकलं. पाणी दोनदा हिरवं झालं. गॅस सोडला की आठवड्यात तपकिरी पडे. इंजिनिअरचा फोन बंद होता. जानेवारीत बर्नर गेले. मालकांनी बॉयलर डिझेलवर घेतला आणि सांडपाण्यासाठी टाकीला वळसा घालून सरळ नाल्यापर्यंत पाइप टाकला. त्याचा व्हॉल्व्ह कोणी उघडायचा, तर तिथली माहिती असलेला माणूस म्हणून सुखरामने. त्या आदेशावरही माझीच सही आहे.

रोज चार वाजता तो व्हॉल्व्ह फिरवतो आणि काळं पाणी संपेपर्यंत तिथेच उभा राहतो. मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. त्याची अजून अकरा वर्षं आहेत.