चांदीपच्या वळणावर नारूदादा

फोन नारूदादांच्या बायकोने, सुमतीवहिनींनी स्वतः केला होता. घरात दोन मुलगे, दोन सुना, पुतणे, एवढी माणसं असताना... सकाळचे आठ वाजले असतील. वसईला, एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी उपम्याला फोडणी घालत होते. "बाय, हे गेले. झोपेतच. तू ये, पन धावपळ करू नको, आम्ही थांबतो." बस, एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. आज त्याला महिना होऊन गेला. मधल्या दिवसांत तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडले. पोरांना निबंध लिहायला लावण्यात जन्म गेला, पण आपल्या माणसावर लिहायची वेळ आली की हात कसा जड होतो, ते आता कळतंय.

नारूदादा म्हणजे चांदीपचे पोस्टमन. मी साताऱ्याकडची. शाळेत बदली होऊन त्या गावात आले, तेव्हा राहायला जागा म्हणून त्यांच्या पडवीतली खोली मला दिली गेली. 'दिली गेली' म्हणते, कारण मी विचारलंच नव्हतं. माझी वळकटी बसमधून उतरली आणि दादांनी ती परस्पर सायकलच्या कॅरिअरवर बांधली. "बाई, घर आपलंच हाय, चला." त्या खोलीत मी नऊ वर्षं काढली. पहिल्या महिन्यात मी त्यांची 'बाई' होते, दुसऱ्या महिन्यापासून 'बाय', म्हणजे घरची लेकच झाले. किडकिडीत अंग, मोठे कान, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि सायकल अशी चालवायचे की पायी जाणारा माणूस पुढे निघून जावा! मोटारसायकलचं तर नाव नको. एकदा कुणी आग्रहाने मागे बसवलं, तर पुढच्या नाक्यावर उतरून चालत घरी आले. म्हणे घेरी येते. असा हा माणूस, आणि त्याने सहा वर्षं आमच्या रस्त्यावर मोटारसायकलची शर्यत भरवून दाखवली. मला विचाराल, तर भरवली त्यानेच. बाकीच्यांनी नुसत्या गाड्या चालवल्या.

त्यामागे एक सल होता. विरारला कुठल्याशा लग्नात पंगतीला शेजारच्या पाहुण्याने विचारलं, "कुठले तुम्ही?" दादा म्हणाले, चांदीपचे. "चांदीप? ते कुठे आलं?" विरारहून घटकाभरात पोचता येईल असं गाव, आणि विरारात बसून माणूस विचारतो, कुठे आलं! दादा घरी आले. मग पडवीत टपाल लावता लावता मला म्हणाले, "पाकिटावर रोज बघतो मी आपल्या गावाचं नाव. मानसांच्या तोंडात कधी यायचं, बाय?" मी हसले. तेव्हा हसले, त्याची आता लाज वाटते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भातकापणी आटोपलेली. एक दिवस मुंबईच्या कुठल्याशा क्लबची चार पोरं रस्ता बघायला आली. त्यांच्यातला पुढारी समीर, उंच, केस मानेपर्यंत. दादांना थांबवून म्हणाला, "काका, तुमचा रोड एकदम मस्त आहे. इथे रेस झाली ना, तर पुण्या-कोल्हापूरहून रायडर येतील." दादांनी पिशवी खाली ठेवली. "मंग पेपरात गावाचं नाव येईल?" "येईल की!" संपलं. तिथून पुढे तीन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता.

पण परवानगी मिळायची होती. पोलीस चौकीतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की गावाने लेखी हमी द्यावी; शर्यत चालू असताना रस्त्यावर माणूस काय, कोंबडी जरी आली आणि एखादा पोरगा पडला, तर पुन्हा या रस्त्यावर शर्यतीचं नाव काढायचं नाही. ग्रामसभेत गलका झाला. बैलगाडीची शर्यत असती तर गाव नाचत उठलं असतं; ही गाड्यांची कटकट कुणाला हवी होती? "आमची गुरं बिथरतील, पोस्टमन, तुमचं काय जातंय?" असं एक म्हातारे ओरडले. दादांनी वाद घातला नाही. कागद पुढे ओढला आणि पहिली सही स्वतःची केली. "काय झालं तर माझं नाव घ्या," म्हणाले. मग हळूहळू बाकीच्या सह्या पडल्या.

त्यांची रीत साधी होती. टपाल वाटता वाटता ते प्रत्येक ओट्यावर बसले आणि प्रत्येक घराकडून एकच शब्द घेतला, आपल्या दारात आपला माणूस. पोलीस किती पुरणार? तेव्हा ज्याचं घर, त्याच्या समोरचा रस्ता त्याचा. गुरं दाव्याला, कोंबड्या डाललेल्या, कुत्रं बांधलेलं, आणि दारात घरचा एक पुरुष उभा. गुलाल उधळायचा नाही, फटाके लावायचे नाहीत, शेवटची गाडी जाईपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही. सगळं पाठ करून घेतलं त्यांनी, माझ्या पोरांची पाढ्यांची तयारी कधी एवढी झाली नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्याही लक्षात आली नाही आणि माझ्याही. ते सगळं पुरुषांशी बोलले. बायकांना काय सांगितलं? "तुम्ही आतच राहा." सुमतीवहिनी ते रोज ऐकत होत्या आणि रोज भाकऱ्या थापत होत्या. मला वाटलं, बाईला आवडलेलं दिसत नाही हे खूळ.

शर्यतीचा रविवार उजाडला. आठला पहिली गाडी सुटायची होती. मी साडेसहाला दार उघडलं आणि बघते तर काय... दादांच्या घरासमोर, बरोबर चिंचेच्या वळणावर, अख्ख्या डांबरी रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत शेणाचा सडा! आणि सड्यावर ही एवढी मोठी रांगोळी. मोटारसायकल काढली होती वहिनींनी. चाकं ताटाला ताट लावल्यासारखी गोल, हँडल बैलाच्या शिंगांसारखं, आणि वर तीन ठिपके देऊन हळदकुंकू. मी पुढे पाहिलं. प्रत्येक दारासमोर तेच. गावात पाहुणे यायचे, मोठं कार्य आहे, तर दारात सडा-रांगोळी नको? बायका पहाटेच उठल्या होत्या. आपापल्या समोरचा रस्ता आपला, हे त्यांनीही ऐकलं होतंच की!

दादा सायकलवरून फेरी मारून आले आणि त्यांनी सायकल सोडूनच दिली, ती खळकन पडली. तेवढ्यात समीर पोचला. बूट ओल्या सड्यावर ठेवला, तर सर्रकन घसरला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "काका, या टर्नवर पोरं ऐंशीच्या स्पीडने येणार. हे असं असेल तर मी एकालाही सोडणार नाही. कॅन्सल करावं लागेल." दादांच्या सहीचा कागद चौकीत होता, पुणे-कोल्हापूरची पोरं हेल्मेट घालून उभी होती, आणि बांधाबांधावर माणसं येऊन बसायला लागली होती. आगाशीची, विरारची, कुठकुठली. मी मनात म्हटलं, आता हा माणूस बायकोवर ओरडणार. ओरडला असता तरी कुणी नावं ठेवली नसती.

ते वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. "सुमती, छान काढलीस गं. पन पुसावी लागंल."

वहिनींच्या हातात अजून रांगोळीचा डबा होता. "पुसा की! तीन महिने ह्या घरात गाडी, गाडी, गाडी. सगळ्या गावाला इचारत फिरलात. मला एकदा तरी इचारलंत, सुमती, तू काय करशील?"

सगळा रस्ता ऐकत होता. साहेबांचे दोन शिपाई, समीर, ते ग्रामसभेतले म्हातारे, आणि मी. दादांनी टोपी काढली. "चुकलं माझं," म्हणाले. मोठ्याने म्हणाले, पुटपुटले नाहीत. "आता इचारतो. काय करू, सांग."

वहिनींनी रस्त्याकडे पाहिलं. मग डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि हाक मारली, ती पार पलीकडच्या आळीत पोचली असेल. "गो बायांनो, तूस आना! भाताचा तूस, घरात असंल तेवढा! तूस पानी पितो!" आणि मग जे झालं ना, ते मी जन्मात विसरणार नाही. घराघरातून तुसाची पोती निघाली, चुलीतली राख निघाली. बायकांनी ओल्या रस्त्यावर तूस पसरला, पायांनी चोळला, खराट्यांनी लोटून काढला, पुन्हा पसरला. दारात उभं राहायचं म्हणून धुतलेले सदरे घालून आलेले पुरुष गुडघ्यांवर बसून गोणपाटाने डांबर पुसत होते. तो ओरडणारा म्हातारासुद्धा! मीही पुसलं. आपली मोटारसायकल मात्र वहिनींनी कुणाला पुसू दिली नाही. स्वतःच्या हाताने लोटली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि दादांनी ते पाहिलं.

साडेआठला समीर त्या वळणावर अनवाणी चालला. वाकून तळहात फिरवला. कोरडा लागला. "काकू, ओके आहे," तो वहिनींना म्हणाला, दादांना नाही. पावणेनऊला पहिली गाडी सुटली. बाप रे, तो आवाज! छातीत धडधडलं. प्रत्येक दारात आता एक पुरुष आणि एक बाई, हात पसरून, कडं करून उभी. एकही कोंबडी आली नाही, एकही पोर घसरलं नाही. कोल्हापूरचा एक जण सगळ्यांत शेवटी राहिला, गाडीत बिघाड झाला म्हणून ढकलतच आणत होता. दादांनी सांगितलं होतं, शेवटची गाडी जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. उन्हात पाऊण तास गाव हललं नाही. तो वळणावर आला तेव्हा पहिल्या नंबराला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्याला पडल्या, आणि वहिनींनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. गावाचं नाव शुद्ध छापलं होतं. दादांनी तो अंक टपालाबरोबर घरोघर दाखवला. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना नावावर बोट ठेवायला लावलं.

पुढच्या वर्षापासून वळण बायकांच्या ताब्यात गेलं. माणसं तर इतकी यायला लागली की बांध पुरेनात. एव्हरशाईनमधून लोक सहकुटुंब यायचे, मुलांना खांद्यावर घेऊन. रायडर पोरांना घराघरात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. सहा वर्षं एकही माणूस जखमी झाला नाही. मग रस्त्यावर डंपर वाढले, परवानगी बंद झाली, शर्यत दुसरीकडे गेली. दादांनी त्याची रड कधी सांगितली नाही. निवृत्त झाले, गुडघ्याने छळलं, पण विरारला कुणी "चांदीपचे का? ते रेसवालं गाव?" म्हटलं की आठ दिवस दादा हवेत असायचे.

परवा मी गेले होते. वहिनी पडवीत बसल्या होत्या, दादा जिथे टपाल लावायचे त्या जागेवर, मांडीवर एक आंतर्देशीय पत्र. कोल्हापूरहून आलेलं. तो शेवटचा आलेला पोरगा. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे म्हणे. दादा गेल्याची पेपरातली बातमी त्याला कुणी दाखवली होती. त्याने लिहिलं होतं, 'वहिनी, त्या दिवशी गाडी सोडून देणार होतो. तुमच्या गावातून सोडून जाणं जमलं नाही.' मी दोनदा वाचून दाखवलं.

"उत्तर लिही, बाय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, दादा झोपेत गेले, त्रास झाला नाही, तुम्ही बायकामुलांना घेऊन या, घर आपलंच आहे. खाली त्यांनी अंगठा नाही, सही केली; एक एक अक्षर जोडून, त्याला पाच मिनिटं लागली. दादांनीच शिकवली होती म्हणे, निवृत्त झाल्यावर. मग पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला मी पत्र उलटं केलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"गावाचं नाव मोठं लिही," म्हणाल्या. "हे आधी तेच बघायचे."

मी लिहिलं. चांदीप.